टाकीतला शेवटचा तिसरा हिस्सा

आग विझवायला गेलेल्या माणसाने परत येताना टाकीत पाणी शिल्लक आणावं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट आमच्या कामात दुसरी नाही. मी एकदा तशी आणली आहे. संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा बढत्या, बदल्या, निरोपसमारंभ यांपैकी काही आठवलं नाही. ते पाणी मात्र आठवलं. म्हणून तिथूनच लिहायला बसलो.

साकोलीच्या एका राइस मिलमध्ये मी विजेच्या कामाचा सुपरवायझर होतो. मोटारी, स्टार्टर, फ्यूज, मिलच्या आवारातले दिवे हे सगळं माझ्याकडे. हमालांपासून शेठजींपर्यंत सगळे मला ‘लाइटबाबू’ म्हणत. याच मिलच्या बॉयलरमध्ये माझे वडील फावड्याने कोंडा टाकत असत. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयाही कोंड्याने पिवळ्या झालेल्या असायच्या. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी भंडाऱ्याला जाऊन बी.एस्सी. झालो, ते वडिलांच्या फावड्यामुळे आणि भौतिकशास्त्राच्या एका सरांमुळे. सरांनी मला आपल्या घरी जेवू घातलं, पुस्तकं दिली आणि शेवटच्या वर्षी एक जुना, लष्करातून मोडीत निघालेला रेडिओ दिला. म्हणाले, “हा दुरुस्त कर. झाला तर तुझा.” तीन महिने लागले, पण झाला.

त्या रेडिओने मला हौशी बिनतारी संदेशवहनाच्या नादाला लावलं. हे काय असतं, ते थोडक्यात सांगतो. सरकारची परीक्षा दिली की स्वतःचं प्रक्षेपक यंत्र ठेवून दुसऱ्या परवानाधारकाशी हवेतून बोलायची मुभा मिळते. तार नाही, खांब नाही, एक्स्चेंज नाही. पैसे मात्र यातून कमवायचे नाहीत. हौस आणि शिकणं एवढाच उद्देश. परीक्षेत कडकट्ट, म्हणजे तारयंत्राची मोर्स लिपी घ्यावी लागते. मी ती जेवणाच्या डब्याच्या झाकणावर चमचा वाजवून शिकलो. नागपूरला परीक्षा झाली. मग चौकशीला एक पोलीस जमादार आमच्या गावी, एकोडीला, गेला आणि त्याने आईला विचारलं, “तुमचा पोरगा कोणाकोणाशी बोलते?”

आई म्हणाली, “आमच्याशीच बोलत नाई थो, दुसऱ्याशी का बोलन?”

परवाना आला. डिग्रीच्या कागदाशेजारी मी तो फ्रेम करून लावला. सरकारने माझ्यासारख्याच्या हाती एवढी विश्वासाची गोष्ट दिली याचं मला फार अप्रूप होतं. परवान्यासोबतची नियमांची इंग्रजी पुस्तिका मी शब्दकोश घेऊन वाचली आणि महत्त्वाची कलमं वहीत उतरवून पाठ केली. त्यातलं एक कलम असं होतं की, या यंत्रावर आपल्यापुरतंच बोलायचं. तिसऱ्या माणसाचा निरोप न्यायचा नाही आणि आणायचाही नाही.

आता आगीकडे येतो.

आमच्याकडे धान कापलं की पेंढ्या बांधतात आणि खळ्यावर त्यांची गोल रास रचतात. तिला पुंजणं म्हणतात. मळणी होईपर्यंत महिना दीड महिना वर्षाचं सगळं पीक त्या पुंजण्यात उघड्यावर असतं. एका खळ्यावर अनेक घरांची पुंजणी शेजारीशेजारी. एखादी विडी, एखादी विजेच्या तारेची ठिणगी, कधी चुलीतली राख, एवढं पुरतं. एका पुंजण्याने पेट घेतला की वारा पुढचं काम करतो.

आमच्या मिलमध्ये एकदा कोंड्याचा ढीग पेटला होता. तेव्हापासून शेठजींनी एक जुना ट्रक घेऊन त्यावर गोल टाकी आणि पेट्रोलवर चालणारा पंप बसवला होता. मिलमधल्याच चौदा जणांचं पथक झालं. पगार मिलच्या कामाचा. आगीचं काम स्वखुशीचं. भोंगा तीनदा वाजला की हातातलं टाकून ट्रककडे पळायचं. हळूहळू आसपासच्या गावांतूनही बोलावणं येऊ लागलं.

पथकाचे म्होरके बकारामकाका. बॉयलर त्यांच्या ताब्यात असे आणि वडील त्यांच्या हाताखाली काम करून गेले होते. काका चौथीपर्यंत शिकलेले. उंच, कोरडे, कमी बोलणारे. आगीजवळ गेले की आधी मूठभर तणीस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, हवेत उडवून वाऱ्याकडे बघत, मग हुकूम देत. नव्या माणसाला वाटतं, जे जळतंय त्यावर पाणी मारायचं. काका म्हणत, “जळते थे गेलं. बाजूच्याले भिजव.” वाऱ्याच्या दिशेची पुंजणी ओली करायची, मधल्या पेंढ्या ओढून वाट मोकळी करायची, उडत्या ठिणग्या ओल्या पोत्याने दाबायच्या, असं ते काम असे.

काकांचा दुसरा एक नियम होता. टाकीच्या मागच्या बाजूला त्यांनी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली होती. रेघेखाली टाकीचा शेवटचा तिसरा हिस्सा. दुसरं पाणी समोर दिसल्याशिवाय त्या हिश्शाला हात लावायचा नाही. तो घरांसाठी आणि माणसांसाठी. पुंजणं गेलं तर एक वर्ष जातं, गावात आग शिरली तर माणूस जातं, हा त्यामागचा विचार. नियम बरोबरच होता. एका गावात त्याच पाण्यावर त्यांनी गोठ्यात अडकलेली म्हातारी बाहेर काढली होती.

मी पथकात गेलो तो पंपाची बॅटरी सांभाळायला. पुढे ट्रकच्या सुट्या बॅटरीवर चालेल असं एक लहान यंत्र मी स्वतः जुळवलं. त्याला सहासष्ट फूट तांब्याची तार लागे. दगडाला सुतळी बांधून झाडावर फेकायची आणि तार वर ओढायची. यंत्र फिरतं ठेवायची वेगळी परवानगीही आणली. मला फक्त बघायचं होतं, की रानातून आवाज किती लांब जातो.

भंडाऱ्याला माझी बोलायची गाठ नायर वहिनींशी पडत असे. नायर जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला होते. तिथल्या क्वार्टरमध्ये असलं यंत्र ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी भंडाऱ्यात नगरपालिकेच्या आगबंबाच्या शेडसमोर एक माडी भाड्याने घेतली होती आणि ते रोज फॅक्टरीच्या बसने जात. परवाना दोघांचाही होता. दिवसा नायर कामावर, वहिनी यंत्रावर. केरळातून लग्न होऊन आलेल्या. त्यांची मराठी अर्धी हिंदी. आवाज मात्र शाळेतल्या घंटेसारखा स्वच्छ. त्या मला ‘भैया’ म्हणत.

त्या वर्षी पौषात लाखनीकडच्या एका गावात आग लागली. गावाचं नाव लिहीत नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाच पुंजणी गेली होती. गावच्या पाटलांनी मोटरसायकलवर माणूस पाठवून भंडाऱ्याच्या बंबालाही फोन करायला सांगितलं होतं, पण फोन लागला का, गाडी निघाली का, हे सांगायला तो माणूस परत आलेला नव्हता. मी तार टाकून यंत्र लावलं. पंपाच्या इंजिनाची ठिणगी रेडिओत भयंकर खरखर करते, म्हणून मला ट्रकपासून दोनशे पावलं लांब बसावं लागे. वहिनींचा आवाज सुरेख आला. मी त्यांना आवाजाची प्रत सांगितली, त्यांनी मला माझी.

तेवढ्यात काका धावत आले. पाणी रेघेला टेकलं होतं.

“बाबू, तुया पेटीतून भंडाऱ्याचं बोलनं आयकू येते म्हनते. विचार न, गाडी निंगाली का नाई?”

मी म्हणालो, “काका, थे चालत नाई. दुसऱ्याचं काम या यंत्रावर कराची मनाई आहे.”

“दुसऱ्याचं कोनाचं? आगीचं काम आहे.”

“परवाना जाईन माया.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या लहान मुलाला परीक्षेत काय विचारलं हे समजून घेतल्यासारखं पाहिलं आणि परत पळाले. पाणी राखून ठेवलं गेलं. आमच्या डोळ्यांसमोर आणखी अकरा पुंजणी गेली. शेवटचं पेटलं त्यानंतर थोड्याच वेळात भंडाऱ्याची गाडी धुरळा उडवत आली. ती दीड तासापूर्वीच निघालेली होती. वहिनींच्या खिडकीखालूनच ती घंटा वाजवत बाहेर पडली होती. मी विचारलं असतं तर एका वाक्याचं उत्तर होतं. आणि ते उत्तर मिळालं असतं तर काकांनी रेघेखालचं पाणी सोडलं असतं.

परतताना प्रत्येक वळणावर टाकीतलं पाणी डुचमळायचं, ते सगळे ऐकत होते. मिलमध्ये उतरताना काका एवढंच म्हणाले, “तुया बापानं कोंडा टाकून तुले शिकवलं. त्याच्यात चूक नाई. पन शिकल्यावर वाचाचं कुठं थांबवाचं, थे त्याले सांगता आलं नाई.”

त्यांनी ते पुस्तिकेबद्दल म्हटलं नव्हतं. पण पुढच्या रविवारी मी भंडाऱ्याला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःची पुस्तिका काढून माझ्यासमोर ठेवली.

“भैया, पन्ना पलटा था क्या?”

मी पान उलटलं नव्हतं. मनाईचं कलम पानाच्या तळाला संपत होतं आणि त्याची सवलत पुढच्या पानावर होती. नेहमीचे फोन चालत नसतील, आणि पूर, वादळ, पसरणारी आग असं संकट असेल, तर सरकारी अधिकाऱ्याला कळवून असे निरोप देता येतात. मी मनाई पाठ केली होती आणि तिथेच शब्दकोश मिटला होता. परीक्षेला बसल्यासारखा मी तो कागद वाचला होता, विचारतील तेवढंच. गरिबीतून शिकलेल्या माणसाला कागदाची भीती किती असते, हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजेल. मी हे सबब म्हणून लिहीत नाही. अकरा पुंजणी म्हणजे सात घरं होती.

वहिनींनी चहा केला आणि म्हणाल्या, “अब रोना नहीं. अब तहसीलदार के पास जाना.”

मी काकांना सोबत नेलं. तहसीलदार तरुण होते, सज्जन होते. त्यांनी पुस्तिका नीट वाचली आणि अडले. “पसरणारी आग म्हणजे नेमकी किती मोठी? एक पुंजणं जळलं तर तिला पसरणारी म्हणायचं का?”

काका म्हणाले, “साहेब, न पसरनारी आग चुलीतच रायते.”

तहसीलदार हसले आणि त्यांनी सही केली. आगीच्या वेळी पथकाने पाठवलेला निरोप आपल्याला पाठवला असं समजावं, असं पत्र आम्हाला मिळालं. त्याची प्रत मी नागपूरच्या बिनतारी कचेरीला पाठवली. तिथून पोच आली. हरकत आली नाही.

मग शिकवणं सुरू झालं. वहिनींनी नियम घातला की, कागदावर लिहिल्याशिवाय काही बोलायचं नाही. कुठे, काय, किती वाजता, कोणी पाहिलं. मिळालेला निरोप परत वाचून दाखवायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपल्याला जेवढं माहीत तेवढंच सांगायचं, आपला अंदाज त्यात घालायचा नाही. मला हे सोपं वाटलं होतं. ते किती अवघड आहे ते सरावात कळलं. आपल्याकडे माणूस समोरच्याला धीर द्यायला बोलतो. एसटी कधी येईल विचारलं तर ‘येऊनच राहिली’ म्हणतो. सरावाच्या वेळी मी एकदा “गाडी लवकरच पोचेल” असं बोललो, तर पलीकडून विचारणा झाली, “लवकर मतलब? आपने देखा?”

या काळात यंत्राला गिऱ्हाइकंही भरपूर मिळाली. एक धान्याचे व्यापारी आठवड्यातून दोनदा येत. “लाइटबाबू, तुमसरचा चिन्नोर तांदळाचा भाव तेवढा विचारा न. कोनाले सांगत नाई मी.” त्यांना मी हात जोडून परत पाठवत असे. एका शेतकऱ्याची तक्रार होती की, माझ्या तारेमुळे त्याच्या वांग्यांना फळ धरत नाही. त्याच्या बांधावरून तार काढून पलीकडच्या झाडावर बांधली, तेव्हा पलीकडच्याने विचारलं, “माह्या वांग्याईचं का?” पथकातली पोरं मात्र तार वर चढवण्यात इतकी तरबेज झाली की, ट्रक थांबून तीन मिनिटं होत नाहीत तर मी बोलायला बसलेलो असे.

काका यंत्राजवळ कधी आले नाहीत. निरोप घ्यायचे, पण ऐकून न ऐकल्यासारखे. दोन लहान आगींत भंडाऱ्याहून आलेली खबर खरी निघाली, तरी त्यांनी रेघेखालचं पाणी धरूनच ठेवलं. “दिसलं म्हनजे सोडतो,” ते म्हणत. मला बोलायला तोंड नव्हतं. त्यांना खबर हवी होती तेव्हा मी दिली नव्हती.

दोन वर्षांनी एकोडीला आग लागली. माझ्या गावाला.

सकाळी साडेअकराला भोंगा वाजला. आम्ही बाराच्या सुमारास पोचलो. गावाच्या पूर्वेला खळं, खळ्याला लागून गुरांचे गोठे, गोठ्यांच्या मागे घरं. त्यातलं शेवटून दुसरं घर आमचं. वडील वारले होते, आई एकटी राहत होती. खळ्यावर चव्वेचाळीस पुंजणी होती आणि सहा पेटलेली होती. वारा पूर्वेकडचा, म्हणजे गावाकडे. तलावात पाणी होतं, पण त्या साली ते इतकं मागे हटलं होतं की, मधल्या चिखलात ट्रक नेता येईना आणि पंपाचा पाइप तिथवर पोचेना. बाया डोक्यावर पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन तलावापासून खळ्यापर्यंत रांगेने धावत होत्या. त्यांत आई होती.

मी मोहाच्या झाडाला तार चढवली. बारा वाजून आठ मिनिटांनी वहिनींना पहिला निरोप गेला: एकोडी, पुंजण्यांची आग, दुसरी गाडी हवी. त्यांनी तो परत वाचला आणि म्हणाल्या, “रुको.” सात मिनिटांनी परत आवाज आला. “गाडी बारा तेराला शेडमधून निघाली. मी डोळ्याने बघितली.”

मी चिठ्ठी लिहून काकांकडे पळालो. त्यांनी मान हलवली. भंडाऱ्याहून साकोलीला तासाभराचा रस्ता, तिथून एकोडी पुढे आठ मैल. तोवर पाणी पुरवायचं होतं. काका थोडं थोडं सोडत होते. नळीचं तोंड मोजून उघडायचे, तीन पुंजणी भिजवायची, बंद. पोरं विळ्यांनी मधल्या पेंढ्या ओढत होती. आग पश्चिमेकडे सरकत होती, पण हळू. एक वाजता बारा पुंजणी गेली होती आणि पाणी रेघेला टेकलं होतं.

काकांनी पंप बंद करवला.

गावकऱ्यांना हे समजेना. एक म्हातारा ओरडला, “पानी आहे न टाकीत. कायले धरून ठेवलं?” दुसऱ्या एकाने थेट मलाच विचारलं, “तू आपल्या गावचा होय न रे? सांग न त्यायले.” आई गुंड खाली ठेवून क्षणभर थांबली. मला वाटलं तीही काही विचारेल. ती म्हणाली, “तू आपलं काम कर बापा,” आणि पुन्हा तलावाकडे वळली.

माझं काम दोनशे पावलांवर होतं. मी जाऊन कानाला हेडफोन लावला आणि वाट बघत बसलो. तेरावं पुंजणं पेटलं. चौदाव्याच्या टोकाला धूर दिसू लागला. चौदाव्याच्या पुढे पुंजणी दाट होती. ते पेटलं असतं तर उरलेली तीस आणि मागचे गोठे एकच जाळ झाला असता, आणि तेवढ्या जाळापुढे राखून ठेवलेला तिसरा हिस्सा म्हणजे ओंजळभर पाणी. म्हणजे सोडायचं तर आत्ताच. पण सोडल्यावर गाडी आली नाही, आणि ठिणगी गोठ्यावर पडली, तर हातात काहीच नाही. गोठ्यामागे घरं, घरांत म्हातारी माणसं.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी वहिनी बोलल्या. “साकोलीच्या एसटी स्टँडवरून कंट्रोलरचा शेडला फोन. बंब तिथून एकोडीच्या रस्त्याला वळला एक वाजून बारा मिनिटांनी. कंट्रोलरने बघितला. मला कळलं एक एकोणीसला. उसके आगे मुझे मालूम नहीं.”

मी विचारलं, “पोचायला किती वेळ लागेल?”

“वो मुझे मालूम नहीं, भैया. जो लिखा वो वापस पढ़ो.”

मी परत वाचलं. “बरोबर,” त्या म्हणाल्या.

कागद घेऊन मी पळत सुटलो. त्या दोनशे पावलांत मला एक मोह झाला, तो लिहायलाच हवा. काकांना सांगावं की गाडी येऊनच राहिली आहे, पाच मिनिटांत पोचते. तेवढ्याने ते पाणी सोडतील. माझं घर मागे होतं, आई तिथे होती, आणि दोन वर्षांपूर्वीचं माझ्या डोक्यावर होतं. काकांसमोर पोचलो तेव्हा धापेमुळे मला बोलता येईना. मी कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो सावकाश वाचला. ओठ हलवत, अक्षर लावत. मग विचारलं, “वळली थे कोनं पायलं?”

“कंट्रोलरनं.”

“त्याच्या पुढचं?”

“पुढचं तिले मालूम नाई. मले बी नाई.”

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. मग मूठभर तणीस उडवली, ती गावाकडे गेली. ते ड्रायव्हरला म्हणाले, “सुरू कर. पुरं सोड.”

नळी चौदाव्या पुंजण्याच्या पायथ्यापासून फिरली. पंधरावं, सोळावं, सतरावं, पाठोपाठ सगळी फळी भिजली. सुमारे चार मिनिटं पाणी जोरात चाललं. मग नळीने दोन ढेकर दिले आणि ती लोळत पडली. पंप रिकामा घरघरायला लागला, तो बंद केला. त्यानंतर जे झालं ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलो नाही, कारण त्यात काही झालंच नाही. चौदा माणसं, हातात ओली पोती, आणि टाकीत थेंब नाही. तेरावं पुंजणं भडकून खाली बसत होतं. ठिणग्या ओल्या पेंढ्यांवर पडून चर्र करून विझत होत्या. एक ठिणगी गोठ्यावर गेली, एक पोरगा वर चढला आणि त्याने ती छातीखाली ओलं पोतं घेऊन दाबली. काका रस्त्याकडे बघत नव्हते. ते फक्त ठिणग्या बघत होते आणि बोटाने दाखवत होते. “थे पाय. थे पाय.”

मी घड्याळ पाहिलं होतं. रिकाम्या टाकीची सात मिनिटं झाली तेव्हा भंडाऱ्याची गाडी खळ्यात शिरली.

एकतीस पुंजणी वाचली. गोठ्याचं एक छप्पर काळं झालं, तेवढंच. दुपारी गावाने आम्हाला बसवून जेवू घातलं. मी वहिनींना शेवटचा निरोप दिला आणि तार गुंडाळली.

मळणी झाल्यावर काका एका रविवारी माझ्याकडे आले. खांद्यावर नव्या तांदळाची पायली बांधलेली. “चाल,” म्हणाले, “त्या बाईले पायाचं आहे.” आम्ही एसटीने भंडाऱ्याला गेलो. आगबंबाच्या शेडसमोरची माडी चढताना काका पायताण खालीच काढून आले. वहिनी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असतील. काकांनी तांदूळ दारात ठेवला आणि बसले. चहा झाला. काकांनी कप बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, “बाई, गाडी रस्त्यात पंचर झाली असती त?”

वहिनी जराही दचकल्या नाहीत. “हो सकती थी. म्हणून मी बोलली ना, आगे मालूम नहीं.”

“तेच म्हनतो मी,” काका म्हणाले. “तुमी ‘येऊनच राहिली’ म्हनलं असतं, त म्या पानी सोडलं नसतं.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाक्य नीट समजलं नव्हतं. मी ते हिंदीत सांगायला लागलो, पण काकांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतःच, मोडक्या हिंदीत, सावकाश, एकेक शब्द लावत पुन्हा सांगितलं. वहिनींनी ते ऐकलं. मग सवयीने, निरोप घेतल्यासारखं, शब्दन् शब्द त्यांना परत म्हणून दाखवलं.

“बरोबर,” काका म्हणाले.